लाकूड की पत्रा

"वर त्याचा आवाज अजिबात येता कामा नये," लेसिया म्हणाली आणि ओरेस्ट ह्रिंचुकच्या हातातला वासा एकाएकी जड झाला. शनिवारची सकाळ होती. विनिपेगच्या उत्तर भागातलं ते घरबांधणीच्या सामानाचं अवाढव्य दुकान, जिथं छपराखाली चिमण्या बारा महिने राहतात आणि नवरे बायकांना हरवून अर्धा अर्धा तास हिंडत असतात. तिथं लाकडाच्या गल्लीत ती दोघं उभी होती. ओरेस्ट एक डोळा मिटून, वासा बंदुकीसारखा खांद्याला लावून, तो सरळ आहे की वाकडा ते पाहत होता. रोडेल नावाच्या हसऱ्या विक्रेत्यानं विचारलं होतं ते इतकंच, की तळघरात भिंतींचा सांगाडा लाकडाचा करायचा की पत्र्याच्या चॅनलचा हे ठरवण्याआधी, खाली नेमकं काय होणार आहे? टीव्ही बघणार, व्यायाम करणार, की कुणी राहणार? 'अजून तसं काही' असं ओरेस्ट म्हणणार, तेवढ्यात लेसियानं परस्पर सांगून टाकलं होतं, "राहणार आहे. कायमचं." आणि मग ते आवाजाचं.

"मग पत्रा घ्या सर," रोडेल म्हणाला. "लाकडातनं आवाज चालत वर येतो. पत्र्याच्या चॅनलला अंगच नसतं, आवाजाला पाय कुठं ठेवायला मिळत नाही. मधे लोकर भरा, वरनं जिप्सम बोर्ड दुहेरी मारा. खाली माणूस बोंबलत असला तरी वर तुम्ही सुखानं जेवाल."

"हेच हवंय मला," लेसिया म्हणाली.

'त्याचा' म्हणजे कुणाचा, हे विचारायला जीभ उचलली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण जीभ उचलेना. घरात दोनच माणसं. मुलगी कॅलगरीला, तिच्याकडे नवरा नाही, एक मांजर आहे आणि तीही मांजरीच. म्हणजे घरात 'तो' म्हणावा असा प्राणी एकच होता आणि तो आत्ता हातात वासा धरून उभा होता. ओरेस्टनं वासा हळूच परत ढिगावर ठेवला, त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "विचार करतो." रोडेलनं समजुतीनं मान हलवली. या गल्लीत विचार करणारे नवरे त्याला नवीन नव्हते.

घरी येताना गाडी लेसियानं चालवली. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे मळके बांध, आणि काचेच्या आतल्या बाजूलाही धरलेलं दव. ओरेस्ट आपण दिवसभरात कोणकोणते आवाज करतो याची मनाशी उजळणी करत होता. सकाळी नाक साफ करताना होतो तो एक, त्याला लेसिया 'जहाज आलं' म्हणते. हॉकीचा सामना असला की आपण ओरडतो, पण सगळं शहरच ओरडतं. बोर्श्टचं, म्हणजे बिटाचं, सूप पिताना आपण आवाज करतो, तो तर आईनंच शिकवलेला, सुपाला मान दिला पाहिजे म्हणून. शिवाय आपल्याला स्वतःशी बोलायची सवय आहे. ती मात्र कामामुळे लागली. एका विमा कंपनीसाठी तो पाण्यानं खराब झालेली घरं तपासायचा. विजेरी घेऊन लोकांच्या ओल्या तळघरांत एकट्यानं उतरायचं, भिंतीला बोट लावायचं आणि पुटपुटायचं, 'गेली. ही पण गेली.' जन्मभर हेच केल्यामुळे कुठल्याच बांधकाम-सामानावर त्याचा विश्वास उरला नव्हता. लाकूड फुगताना, काळं पडताना, त्यावर मशरूम उगवताना त्यानं पाहिलेलं. पत्रा गंजून कागदासारखा चुरगळतानाही पाहिलेला. त्यात विनिपेगची चिकणमाती, जी पावसात फुगते, दुष्काळात आक्रसते आणि वरच्या घराला श्वासासारखं वरखाली करते. अशा माणसाला लाकूड की पत्रा विचारणं म्हणजे शवागारातल्या डॉक्टरला कुठला आजार बरा असं विचारण्यासारखं होतं. पण आज प्रश्न सामानाचा राहिलाच नव्हता. "इतका गप्प का?" लेसियानं विचारलं. "नाही, काही नाही," तो म्हणाला, आणि आपला आवाज जरा मोठा झाला का, असं त्याला वाटलं.

लेसिया दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. समोरच्या माणसाच्या तोंडात सतत काहीतरी कोंबलेलं असल्यामुळे तिला उत्तराची सवयच उरली नव्हती. ती विचारायची, पुढे बोलायची, स्वतःच ठरवायची आणि 'हो ना?' म्हणून उठायची. इतक्या वर्षांच्या संसारात ओरेस्टला ते फारसं खुपलं नव्हतं, उलट सोयीचंच पडलं होतं. पण या थंडीत ती तळघराबद्दल ज्या पद्धतीनं बोलत होती त्यानं त्याच्या मनात पाल चुकचुकू लागली. खाली छोटी मोरी पाहिजे, म्हणाली. न्हाणीत धरायला दांडा पाहिजे. खिडकी मोठी पाहिजे, उजेड नसला की माणूस खचतो. एक पलंग, एकच. हे सगळं ती इतक्या मायेनं बोलायची की ओरेस्ट उठून उगाच नळ घट्ट करून यायचा. हाकलायचंच असेल तर बाईनं भांडावं, ताटं फोडावीत. पण दांडा? दांडा म्हणजे ती त्याच्या म्हातारपणाची सोय लावत होती, आणि तीही खाली.

आणि हे असंच सुरू होतं, हे त्याला माहीत होतं. सेल्कर्क अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या जुन्या घरात, तो सात-आठ वर्षांचा असताना, एका भयंकर उकाड्याच्या जुलैत त्याचे वडील गादी घेऊन तळघरात झोपायला गेले. 'खाली थंडावा असतो,' आई म्हणाली होती. खाली एक जादा स्वयंपाकघरही होतं, त्या वस्तीत सगळ्यांकडेच असायचं, कोबी आंबवायला आणि सणाला बटाटा भरलेल्या ढीगभर पिरोगी उकडायला. ऑगस्ट सरला, बर्फ पडलं, वडील काही वर आले नाहीत. भांडण झालं नव्हतं. रविवारी दोघं शेजारी शेजारी उभं राहून चर्चमध्ये गायची, वडील खालच्या सुरात, आई वरच्या. शेजाऱ्यांना कधीच कळलं नाही. घरात मात्र सगळा संसार घर तापवणाऱ्या गरम हवेच्या नळीतून चालायचा. आई ओट्याजवळच्या जाळीत तोंड घालून म्हणायची, 'मिखायलो, गॅसवाला येऊन गेला,' आणि जमिनीच्या पोटातून वडिलांचा आवाज यायचा, 'बरं.' ओरेस्ट ताट घेऊन खाली जायचा. वडील रेल्वेच्या कारखान्यातून आलेले असायचे, बनियनवर, खुर्चीत, खिडकीतून दिसणारे लोकांचे बूट बघत. 'ते बघ, कोवालचुकबाईंनी नवे घेतले,' म्हणायचे. तसे ते सुखी दिसायचे, पुढं कित्येक वर्षं ओरेस्टला त्याचंच जास्त भय वाटत राहिलं होतं. मोठेपणी एकदा त्यानं आईला विचारलं, बाबा खाली का गेले? आई विचारात पडली. 'गरम होत होतं,' ती म्हणाली.

तर उपाय एकच होता. खोली पुरी होऊच द्यायची नाही. आणि खोली पुरी होऊ न देण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे सामान निवडणं. ओरेस्टनं रोडेलकडून लाकडाचा एक तुकडा आणि पत्र्याचा एक तुकडा नमुना म्हणून आणला आणि अभ्यास सुरू केला. दोन्ही तुकडे त्यानं वरच्या बाथटबमध्ये आठवडाभर भिजत ठेवले. लेसिया तोवर टबालगतच्या शॉवरखाली उभ्यानं आंघोळ करत राहिली, तोंडानं एक शब्द न काढता, आणि ते न बोलणंही त्याला अपशकुनी वाटलं. मग त्यानं तुकडे अंगणात बर्फात पुरले. मग हीटरच्या भट्टीजवळ ठेवले. लाकूड जरासं पिळलं, पत्रा होता तसाच. पण पत्र्यावर नख मारलं की जो थंड, किनरा आवाज निघायचा तो ऐकून तो तुकडा लगेच खाली ठेवायचा. आणि त्याची कड बोटाला लागली ती कळलीच नाही, फक्त रक्त दिसलं. लाकूड निदान कुसळ भरवून सांगतं तरी. एकदा जेवताना, घास मधेच थांबवून, तो म्हणाला, "पत्र्याचं एक आहे. त्याला दार नीट बसत नाही म्हणतात." लेसिया म्हणाली, "मग दाराजवळ लाकूड लाव, बाकी पत्रा. हो ना?" आणि उठली. तिच्यापाशी सगळ्याचं उत्तर होतं. याचा अर्थ तिनं फार विचार केला होता, आणि एवढा विचार बाई कशाचा करते हे ओळखायला काही पोथी उघडावी लागत नाही.

शेजारी डॉल्फ कारियेर रेल्वेतून निवृत्त झालेला, सेंट बोनिफेसचा फ्रेंच माणूस. त्याला तीन बायका होऊन गेल्या होत्या, म्हणून ओरेस्ट त्याला जाणकार समजायचा. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर खांबावरच्या विजेला जोडता जोडता, तोंडातून वाफा काढत, त्यानं डॉल्फला विचारलं, अर्थात दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून. माझा एक मित्र आहे, त्याची बायको म्हणते खाली खोली कर, वर तुझा आवाज नको.

"मित्र?" डॉल्फ म्हणाला.

"कामावरचा."

"त्या मित्राला सांग, टबात लाकडं भिजवू नको म्हणावं. बाईमाणसाला आठवडाभर टब मिळाला नाही तर ती नवऱ्याला तळघरात काय, नदीत धाडेल." डॉल्फ हसत सुटला, मग ओरेस्टचा चेहरा पाहून थांबला. "अरे वेड्या, सरळ विचार ना तिला."

"विचारलं आणि ती हो म्हणाली तर?"

डॉल्फनं हातमोजे झटकले. "मग तिसऱ्या बायकोच्या वेळी मी काय केलं ते सांगतो तुला. मी लाकूड घेतलं. लाकडाला रोज एक खिळा मारत बसता येतं. पत्र्याचं काम झटपट होतं रे, तोटा तो आहे."

तेव्हा ओरेस्टनं काय करावं? त्यानं दोन्ही आणलं. फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी त्यानं उत्तरेची भिंत लाकडात उभी केली आणि त्या पुढच्या रविवारी पूर्वेची पत्र्यात, आणि दोन्हींच्या मधोमध स्टूल टाकून बसला. रविवारी घर रिकामं असायचं. लेसिया ट्रान्सकोनाला वृद्धाश्रमात वडिलांना भेटायला जायची. तो तिला दाराशी सोडायचा आणि घ्यायला जायचा, आत मात्र जायचा नाही, त्याला कारण होतं. तर स्टुलावर बसून तो दोन्ही सांगाड्यांकडे बघत राहायचा. उघड्या वाशांच्या फटींतून काँक्रीट दिसायचं. एका बाजूला ओल्या देवदाराचा वास, दुसऱ्या बाजूला तेलाचा. मधेच भट्टी पेटायची आणि पत्र्याची भिंत स्वतःशीच टिणटिण करायची. आपण इथं राहिलो तर कुठल्या भिंतीकडे तोंड करून झोपू? खिडकीतून डॉल्फचे बूट दिसतील. लेसियाशी नळीतून बोलू. ती म्हणेल, 'ओरेस्ट, मुलीचा फोन होता,' आपण म्हणू, 'बरं.' आणि गंमत म्हणजे, भय वाटता वाटताच, एखादा क्षण असा यायचा की ते सगळं त्याला फार आरामाचं वाटायचं. तिथून तो ताडकन उठायचा आणि वर जाऊन मुद्दाम लेसियाच्या खुर्चीत बसून राहायचा.

मार्चमधल्या एका संध्याकाळी लेसिया धुण्याची टोपली घेऊन खाली आली. यंत्र खालीच होतं, पण ओरेस्टनं भिंतींवर जुन्या चादरी टाकून ठेवल्या होत्या, धूळ नको म्हणून. त्या दिवशी चादरी नव्हत्या.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"तुलना."

"अर्धं लाकूड, अर्धा पत्रा."

"दोन्ही बाजू नीट बघितल्या पाहिजेत. घाईत झालेल्या कामांनीच माझं पोट भरलंय आजवर."

"ओरेस्ट," ती म्हणाली, आणि टोपली खाली ठेवली. "इस्टरच्या आत खोली हवी होती मला. तू टबात लाकडं भिजवलीस, मी बोलले नाही. बर्फात पुरलीस, बोलले नाही. काय चाललंय तुझं? करायची नाही तर तसं सांग, मी माणसं लावते."

माणसं लावते. म्हणजे मजल इथवर गेली होती. ओरेस्ट स्टुलावरून उठला. त्यानं मनात कितीतरी वेळा घोकलेलं भाषण होतं, त्यात तिच्या आयुष्याचा मान राखण्याबद्दल काही वाक्यं होती, पण निघालं ते भलतंच. "राहीन मी इथं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर राहीन. पण लेसिया, एकदा तोंडानं सांग मला. माझ्या आईनं बाबांना कधीच सांगितलं नाही. तो माणूस थंडावा आहे म्हणून खाली गेला आणि मरेपर्यंत वाट बघत बसला, कुणी वर बोलवतंय का म्हणून. मी ताट घेऊन जायचो ना, तर आधी माझ्या मागं बघायचे. जिन्याकडं."

हे शेवटचं त्यालाही माहीत नव्हतं. बोलल्यावर कळलं, की वडील खरोखरच तसं बघायचे.

लेसिया त्याच्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलू लागले. "तू?" ती म्हणाली. "तू राहणार? इथं?" आणि मग तिला हसू फुटलं, असं की ती मागच्या मागं धुण्याच्या टोपलीत बसली आणि टोपली चेपली. तिनं त्याचाच सदरा तोंडावर दाबून धरला, तरी हसू थांबेना. "अरे देवा. म्हणून ती भिजवाभिजव! म्हणून जेवताना इतका हळू घोट घेतोस! मला वाटलं तुझा दात दुखतोय. तुझे दात बघायला परवा दवाखान्यात वेळ घेऊन ठेवली मी!" मग त्या सदऱ्यातच तिचं हसणं कुठंतरी वळलं आणि खांदे निराळेच हलायला लागले. ओरेस्ट घाबरला. तो तिच्याजवळ फरशीवर बसला.

"तातो," ती म्हणाली. "माझे वडील, मूर्खा. त्यांच्यासाठी आहे ही खोली." दुकानातलं बोलणं इंग्रजीत झालं होतं, आणि इंग्रजीत नवराही 'तो'च आणि बापही 'तो'च.

झालं होतं असं, की आश्रमात म्हातारा झोपेत ओरडायचा. शेजारच्या खोलीतल्यानं तक्रार केली, मग पलीकडच्यानं. आता त्याला दिवस कलला की झोपेच्या गोळ्या देत होते. "गेल्या रविवारी मला ओळखायलाच त्यांना किती वेळ लागला," लेसिया म्हणाली. "माझ्याकडे बघून म्हणाले, दात चांगले आहेत हो तुमचे. तुला कसं विचारणार होते मी? तुझं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करतात. त्यांचं काढलं की तू गाडी पुसायला जातोस. म्हटलं आधी खोली होऊ दे. खोली झाली की तिला माणूस लागतोच. आणि वर आवाज आला नाही, तर तुला बोलायला जागा राहणार नाही."

पहिल्यांदा ओरेस्टला जो झाला तो निव्वळ आनंद. इतका निर्लज्ज आनंद, की तो लपवायला त्यानं फरशीवरचा एक मोजा उचलून त्याची घडी घातली. आपण नाही. आपण वरच. आणि त्या आनंदाच्या मागोमाग सासऱ्याचा, दिमित्रो पावलिशिनचा, चेहरा आला, रुंद, लाल, मिशा पिवळ्या पडलेला, आणि त्याचं तळघर. ट्रान्सकोनातलं, स्वतःच्या हातांनी केलेलं, लाकडी फळ्या आणि कोपऱ्यात दारू मांडायचा कट्टा. बऱ्याच वर्षांपूर्वी, चर्चच्या जुन्या पंचांगातल्या, जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या नववर्षाच्या रात्री, तिथं सगळे नातेवाईक जमले होते. ओरेस्ट दोन पेले घेऊन भिंतीला टेकला आणि सवयीनं अंगठा दाबून बघितला. अंगठा आत गेला. तिथं शहाण्या माणसानं अंगठा काढून घेतला असता आणि तिसरा पेला भरला असता. ओरेस्ट म्हणाला, 'तातो, ही गेली.' आणि कुणी विचारलेलं नसताना त्यानं फळी ओढून काढली, मागची काळी बुरशी सगळ्यांना दाखवली, सांगाडा थेट काँक्रीटला चिकटवणं ही मूळ चूक कशी तेही समजावलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग जाऊन स्वतःच्याच मेजवानीतला दिवा बंद केला. पाहुणे काळोखात कोट शोधत घरी गेले. त्यानंतर तो ओरेस्टच्या दारी आला नव्हता. सासूबाईंच्या अंत्यविधीलाही त्यानं ओरेस्टच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं होतं.

"काय ओरडतात?" ओरेस्टनं विचारलं.

"नावं. भावाचं, जो लहानपणीच गेला त्याचं. कधी घोड्याचं."

"घोड्याचं?"

"सास्काचवानला शेतावर होता त्यांच्या. सिवको. हाक मारत राहतात, की परत फिर म्हणून."

भट्टी पेटली, पत्र्याची भिंत टिणटिणली. ओरेस्ट उठला, हत्यारांच्या पेटीतून स्क्रू काढायचं यंत्र घेतलं आणि पूर्वेची भिंत उलगडायला लागला.

"आता काय करतोयस?"

"पत्रा नको. लाकूड."

"अरे पण तो रोडेल म्हणाला ना, लाकडातनं आवाज—"

"म्हणूनच," ओरेस्ट म्हणाला. "हाक मारली, पडले बिडले, तर आपल्याला कळायला नको?"

दोन महिने भिजवून, पुरून, शेकून जे ठरलं नव्हतं ते असं चॅनल उलगडता उलगडता ठरून गेलं. लेसिया या वेळी 'हो ना' सुद्धा म्हणाली नाही. तिनं खाली पडणारे स्क्रू एकेक करून वेचायला सुरुवात केली.

मग काम सपाट्यानं झालं. खाली, फरशीला लागून, कुजू नये म्हणून औषध पाजलेल्या हिरवट लाकडाच्या पट्ट्या. काँक्रीटला आधी फोमचे तक्ते, मधे बोटभर अंतर, मग वासे, वरनं जिप्सम बोर्ड. डॉल्फ खिळ्यांची बंदूक घेऊन आला आणि 'तुझ्या त्या मित्राचं काय झालं?' असं रोज विचारत राहिला. खिडकी मोठी झाली, न्हाणी झाली, न्हाणीत दांडा बसला. ओरेस्टनं त्या दांड्याला स्वतः लोंबकळून बघितलं. प्रत्येक सांधा त्यानं विजेरी लावून तपासला, विम्याच्या एकाही दाव्यासाठी त्यानं कधी इतकं तपासलं नव्हतं. म्हातारा बघेल, अंगठा दाबेल, ही धास्ती त्याला सारखी होती, आणि खरं सांगायचं तर थोडी ओढही होती. 'दाबा तातो,' तो भिंतींना रंग देता देता पुटपुटायचा, 'कुठंही दाबा.'

एप्रिलमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांवर नुसती वाळू उरली होती तेव्हा, ते दिमित्रो पावलिशिनला खोली दाखवायला घेऊन आले. गोळ्या दोन दिवस बंद करून घेतल्या होत्या, त्यामुळे म्हातारा चांगला जागा होता, म्हणजे रागात होता. घराचं बाजूचं दार उघडलं की एक छोटा चौक, तिथून दोन पायऱ्या वर स्वयंपाकघरात, आणि उजव्या हाताला खाली तळघराचा जिना, उभा, अरुंद, मधे काटकोनात वळलेला. म्हातारा काठी टेकत चौकात आला आणि थांबला. लेसियानं पुढं होऊन खालचे सगळे दिवे लावले. नव्या रंगाचा वास वर आला. म्हाताऱ्यानं जिन्याकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा जिन्याकडे.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी तातो," लेसिया म्हणाली. "बघा तरी किती छान झालीय."

"मला उतरवणार कसं? दोरीनं?"

खाली दिवे लखलखत होते. "मेल्यावर खालीच जायचंय," म्हातारा म्हणाला. "आत्तापासून सराव कशाला करून घेता?"

ओरेस्टनं लेसियाकडे पाहिलं आणि लेसियानं ओरेस्टकडे. तिनं दांड्याचा विचार केला होता, उजेडाचा केला होता, उशीचा केला होता. जिना तिला दिसलाच नव्हता. ती भिंतीला टेकली आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्ही बटाट्याची दोन पोती दोन खांद्यांवर घेऊन उतरायचात ना. आणि मी तुमच्या पाठीमागून..." आणि ओरेस्ट, ज्यानं आयुष्यभर लोकांच्या घरांतल्या चुका काढल्या, जो या जिन्यावरून वासे, तक्ते, पोती घेऊन सगळा हिवाळा चढला-उतरला होता, त्याच्याही नजरेला ती चूक आली नव्हती. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. आता बोलेल, ओरेस्टला वाटलं, आणि बोलावंच. दिवा विझवला तरी चालेल. पण म्हातारा खाली वाकून, डोळे बारीक करून, जिन्याच्या वळणाशी दिसणारा नव्या भिंतीचा तुकडा न्याहाळत होता.

"लाकूड?" त्यानं विचारलं.

"लाकूड."

"काँक्रीटपासून सोडून?"

"सोडून."

"हं," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही वर राहा," ओरेस्ट म्हणाला. हे वाक्य आपल्या तोंडून येतंय याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "आमच्या खोलीत. मोठी खिडकी आहे, मोरी लागून आहे. आम्ही दोघं जातो खाली. खोली चांगली झालीय, वाया कशाला घालवायची." लेसियानं झटकन त्याच्याकडे पाहिलं. आम्ही दोघं, तो मनात म्हणाला. तो शब्द त्यानं जिभेवर पुन्हा एकदा फिरवून बघितला. वाकडा नव्हता.

"माझ्यापायी कुणी तळघरात जायला नको," म्हातारा म्हणाला.

"मग काय तुम्हाला छपरावर ठेवू?" लेसिया डोळे पुसत म्हणाली. "गप बसा आता. बसा त्या खुर्चीवर. हो ना?"

आणि तिनं लगेचच, त्याच दुपारी, कामाला सुरुवात केली, कारण विचार बदलायला कुणालाही वेळ द्यायची तिची पद्धत नव्हती. पलंगाचे भाग खाली गेले, कपाटाचे खण गेले. राहिली गादी. संसाराची, दोघांची, मोठ्या मापाची गादी. लेसिया खाली वळणावर उभी राहिली, ओरेस्ट मधे, आणि म्हातारा वर चौकात खुर्चीवर, काठी तलवारीसारखी धरून. "डावीकडं," तो ओरडला. "तुझं डावं, गाढवा, माझं नव्हे." इतक्या वर्षांत ओरेस्टला उद्देशून निघालेलं ते त्याचं पहिलंच पूर्ण वाक्य. "उचल. आता वाकव. वाकव म्हटलं, दाबू नकोस, दाबायची सवय जात नाही तुझी!" ओरेस्टनं वाकवली. गादी वळणावर गेली, उसळली आणि बसली ती बसलीच, आणि ओरेस्ट तिच्यात आणि भिंतीत असा अडकला की हात वर, गाल नव्या रंगाला, आणि एक पाय हवेत.

"ढकल," म्हातारा म्हणाला.

"ढकलता येत नाही."

"मग ओढ."

"ते पण येत नाही."

खालून लेसियानं जोर लावला, काही हललं नाही. मग ती हसायला लागली आणि जोर गेला. वरून म्हातारा म्हणाला, "तुझ्या आईची गादी आठवते? मक्लीनच्या रस्त्यावर गाडीवरून पडली ती?" आणि खालून, गादीच्या पलीकडून, लेसिया म्हणाली, "आणि तुम्ही तिच्यावरच बसून जेवलात!" "मग काय उभ्यानं जेवायचं? मागं गाड्यांची रांग, पोलीस येऊन उभा, तुझी आई म्हणते, बसा हो तुम्ही पण, पिरोगी आहेत." त्यांचं बोलणं ओरेस्टच्या डोक्यावरून, काखेखालून, गादीच्या कापसातून जात-येत राहिलं. पोलिसानं किती पिरोगी खाल्ल्या याबद्दल वाद झाला. आईनं त्या दिवशी कुठला रुमाल बांधला होता, याबद्दलही. ओरेस्टला दोघांपैकी कुणीच दिसत नव्हतं. नाकाशी गादीचा शिळा, ओळखीचा वास होता आणि पाठीशी भिंत. भिंत आतून कशी आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. ती तपासावी असं त्याच्या मनात आलं नाही.

"तातो, थांबा जरा," थोड्या वेळानं लेसिया म्हणाली. "ओरेस्ट? श्वास घेता येतोय ना तुला? डॉल्फला हाक मारू का?"

ओरेस्ट उत्तर देणार होता. पण वरून खुर्ची करकरली, म्हातारा पुढं वाकला असावा, आणि त्याचा आवाज आला:

"राहू दे त्याला तसाच थोडा वेळ. पहिल्यांदाच गप्प उभा आहे."